हॉट योग : नवशिक्यांनी घाई करू नये

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक पुरवणीत नव्याने योगाभ्यास सुरू करू इच्छिणाऱ्यांसाठी अलीकडे जो लेख आला, त्यात नेहमीचा योगवर्ग आणि गरम खोलीत घेतला जाणारा ‘हॉट योग’ असे दोन पर्याय शेजारी शेजारी ठेवून ‘ज्याला जो रुचेल त्याने तो निवडावा’ असा सल्ला दिला होता. लेख चांगल्या हेतूने लिहिलेला होता आणि त्यातील बरीचशी माहिती बरोबरही होती. तरीही २३ वर्षे पुण्यात योगवर्ग घेणारी शिक्षिका म्हणून मला भीती वाटते, की हा सल्ला वाचून ज्यांनी आजवर एकदाही सतरंजी अंथरलेली नाही अशी माणसे थेट ४० अंशांच्या खोलीत जाऊन उभी राहतील आणि त्यांपैकी काहींना ते महागात पडेल. हे दोन पर्याय एकाच पायरीवरचे नाहीत. पहिल्याचा पाया झाल्यावर, शरीर निरोगी असेल आणि इच्छा असेल तर दुसऱ्याकडे जाता येते; उलट क्रमाने गेल्यास काय होते, ते मी जवळून पाहिले आहे. म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

हॉट योग म्हणजे काय, याविषयी वाचकांच्या मनात बराच गोंधळ असतो. या पद्धतीचा जगभर प्रसार झाला तो विक्रम चौधरी यांच्यामुळे. ते मूळचे कोलकात्याचे. बिष्णुचरण घोष यांनी १९२३ मध्ये तेथे शरीरसंवर्धनाची संस्था काढली होती आणि त्यांच्याच परंपरेत आपण शिकलो, असे चौधरी सांगत. १९७० च्या दशकात ते अमेरिकेत गेले. दोन श्वसनक्रिया आणि २६ आसने, तीही प्रत्येक वर्गात त्याच क्रमाने, दीड तास आणि सुमारे ४० अंश सेल्सिअस तापमानाच्या व ४० टक्के आर्द्रतेच्या खोलीत, असे त्यांच्या वर्गाचे स्वरूप होते. या क्रमावर त्यांनी स्वामित्वहक्क सांगितला; परंतु आसनांच्या क्रमावर असा हक्क सांगता येत नाही, असा निर्णय अमेरिकेतील अपील न्यायालयाने २०१५ मध्ये दिला. आज ‘हॉट योग’ या नावाखाली जे चालते ते सगळे याच साच्यातले असते असे नाही. कोठे ३२ अंश असतात, कोठे ४२. कोठे २६ आसनांचा ठरलेला क्रम असतो, तर कोठे संगीताच्या तालावर वेगाने घेतलेले सूर्यनमस्कार. त्यामुळे ‘मी हॉट योगाला जाते’ एवढ्या सांगण्यावरून ती व्यक्ती नेमके काय करते, हे कळत नाही.

या वर्गांच्या जाहिरातींत बऱ्याचदा असे म्हटलेले असते, की योगाचा जन्म भारताच्या उष्ण हवेत झाला, म्हणून तशी हवा खोलीत निर्माण केली जाते. माझे माहेर अकोल्याचे. मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, तेव्हा तेथील माणूस दुपारी आसने करत नाही. तो पहाटे पाच वाजता अंगणात पाणी शिंपडून, ऊन चढायच्या आत अभ्यास उरकतो. आपल्याकडचे जुने वर्ग पहाटे साडेपाच-सहालाच का भरतात, याचे एक कारण हेच आहे. उष्ण देशातील योगाने उष्णता टाळायची रीत घालून दिली, शोधायची नव्हे.

आता मी पाहिलेला प्रसंग सांगते. माझी धाकटी जाऊ ४६ वर्षांची आहे. रक्तदाबासाठी ती रोज एक गोळी घेते आणि त्या गोळीत लघवीवाटे पाणी व मीठ काढून टाकणारे औषध आहे. वजन लवकर उतरते असे ऐकून तिने शहरातील एका हॉट योग वर्गात नाव घातले आणि पहिल्या दिवशी सोबत म्हणून मला नेले. वर्गाचे नाव मी येथे देत नाही, कारण एका ठिकाणाची तक्रार करणे हा या पत्राचा उद्देश नाही. नावनोंदणीच्या अर्जात नाव, मोबाइल क्रमांक आणि शुल्क कसे भरणार एवढेच विचारले होते. कोणते आजार आहेत, कोणती औषधे चालू आहेत, याचा रकाना नव्हता. खोलीत शिरताच ओल्या टॉवेलांचा वास आला. भिंतींच्या वरच्या कडेला लाल उजेडाचे हीटर होते, समोरच्या आरशावर वाफ धरली होती आणि २२-२३ माणसे मॅटवर टॉवेल पसरून उभी होती. पहिल्या दहा मिनिटांत जाऊबाई खुशीत होत्या, कारण पुढे वाकल्यावर त्यांची बोटे घोट्यांपर्यंत पोहोचली होती. घरी ती गुडघ्यांच्या खाली उतरत नसत.

उभ्याने करायच्या आसनांचे दुसरे आवर्तन चालू असताना मी आरशातून तिच्याकडे पाहिले, तर तिच्या वरच्या ओठाभोवतीचा रंग उतरलेला होता. घाम हनुवटीवरून टॉवेलवर टपटप पडत होता आणि एका पायावर तोल सावरण्यासाठी ती हवेत काहीतरी धरायला पाहत होती. ‘ताई, मला गरगरतंय,’ एवढेच ती म्हणाली. मी तिला बाहेर नेऊ लागले, तेव्हा शिक्षकांनी ध्वनिक्षेपकावरून सांगितले, ‘कोणी बाहेर जाऊ नका, खालीच बसा, चक्कर येणं म्हणजे शरीर शुद्ध होतंय.’ मी त्यांचे ऐकले नाही. बाहेरच्या फरशीवर तिला आडवे करून, तिचे पाय चपलांच्या मांडणीच्या खालच्या फळीवर उंच ठेवले. स्वागतकक्षातील मुलीने धावत जाऊन मीठ-साखरेचे पाणी आणले. वीस मिनिटांनी तिच्या तोंडावर रंग आला. त्या मुलीचे मी मनापासून आभार मानले. शिक्षकांच्या वाक्याचा मात्र मला आजही राग येतो, कारण ते वाक्य ज्याला पहिल्यांदाच ऐकायला मिळते, तो नवशिका त्यावर विश्वास ठेवतो.

चक्कर येणे हे शुद्धीचे लक्षण नाही. बाहेर उष्णता असली की आतली उष्णता बाहेर टाकण्यासाठी शरीर कातडीकडे जास्त रक्त पाठवते आणि त्यासाठी तेथील रक्तवाहिन्या रुंदावतात. त्याच वेळी व्यायामामुळे स्नायूही रक्त मागतात. घामावाटे पाणी गेल्याने एकूण रक्ताचे आकारमान थोडे घटलेले असते, आणि उभ्या माणसाचे बरेचसे रक्त पायांत उतरते. या सगळ्यामुळे रक्तदाब खाली येतो, मेंदूला होणारा पुरवठा क्षणभर कमी पडतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. ज्यांना रक्तदाबाची, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी चालू आहे, त्यांच्या शरीरात पाण्याचा साठा आधीच बेताचा असतो. राहिला प्रश्न ‘घामावाटे विषारी द्रव्ये निघून जातात’ या समजुतीचा. शरीरातील टाकाऊ द्रव्ये बाहेर काढण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात. घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ, आणि त्याचे काम शरीर थंड ठेवणे हे आहे.

तेही काम तो केव्हा करतो, हे समजून घेण्यासाठी विदर्भातल्या कूलरचे उदाहरण मला सर्वांत सोपे वाटते. अकोल्यात मे महिन्यात वाळ्याच्या टट्ट्यांचा कूलर लावला की खोली गार होते, कारण हवा कोरडी असते आणि पाण्याची वाफ भराभर होते. तोच कूलर रत्नागिरीत लावला तर अंग चिकट होण्यापलीकडे काही होत नाही, कारण हवेतच इतके बाष्प असते की पाणी सुकायला जागा उरत नाही. घामाचेही असेच आहे. एक लिटर घाम कातडीवर पूर्ण सुकला तर तो शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण जो घाम न सुकता थेंबाथेंबाने मॅटवर गळतो, तो पाणी आणि मीठ तेवढे घेऊन जातो, उष्णता जवळजवळ काहीच नेत नाही. बंद खोलीत वीस-पंचवीस माणसे घाम गाळू लागली, की त्यांच्या घामाने आणि श्वासाने तेथील दमटपणा वाढतच जातो. म्हणजे ज्या घामाकडे पाहून माणसाला वाटते की आज खूप मेहनत झाली, तो गळणारा घाम खरे तर शरीराची थंड राहण्याची धडपड अपुरी पडत असल्याचे सांगत असतो. शरीराचे आतील तापमान ४० अंशांच्या वर गेले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा त्याची शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात असतो; अशा वेळी एक मिनिटही न दवडता अंग थंड करत रुग्णालय गाठावे लागते.

त्या दिवशी घरी आल्यावर जाऊबाईंनी काट्यावर उभे राहून पाहिले, तर अर्धाच वर्ग करूनही वजन पाऊण किलोने उतरले होते आणि एवढे झाल्यावरही तिच्या चेहऱ्यावर समाधान होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळे वजन परत आले. ते पाणी होते. वजन कमी करण्यासाठी म्हणून जे हॉट योगाकडे वळतात, त्यांना हे कोणीतरी आधी सांगायला हवे. दीड तासाच्या गरम वर्गात उष्मांकांचा खर्च साधारणपणे तेवढा वेळ भराभर चालण्याइतकाच होतो, हे अभ्यासांत दिसून आले आहे. हृदयाचे ठोके वाढतात हे खरे, पण त्यातला काही भाग कातडीकडे रक्त पाठवण्याच्या कामामुळे वाढलेला असतो, स्नायूंच्या कामामुळे नव्हे.

पाण्यापेक्षाही मला अधिक चिंता वाटते ती लवचीकपणाची. उष्णतेत स्नायू सैल पडतात, ताणाची वेदना कमी जाणवते आणि माणूस पहिल्याच आठवड्यात जेथे पोहोचतो, तेथे पोहोचायला त्याला एरवी चार-पाच महिने लागले असते. नवशिक्याला हा चमत्कार वाटतो. पण स्नायू लवकर लांबले तरी सांध्यांना धरून ठेवणारे अस्थिबंध आणि स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे त्या वेगाने तयार होत नाहीत. माझ्याकडे गेल्या वर्षी एक तरुण आला होता. दिवसभर संगणकावर बसून काम करणारा, ३१ वर्षांचा. गरम खोलीतील तिसऱ्या की चौथ्या वर्गात त्याचे कपाळ गुडघ्यांना टेकले होते आणि त्याने त्याचे छायाचित्रही काढून ठेवले होते. त्यानंतर सात महिने त्याला नितंबाच्या खाली, ज्या हाडावर आपण बसतो त्याच्या अगदी लगत, मांडीच्या मागच्या स्नायूच्या मुळाशी दुखत होते. खुर्चीत अर्धा तास बसले की तो कूस बदलत राही. ‘त्या वेळी काहीच दुखलं नव्हतं,’ हे तो मला तीन-चारदा म्हणाला. वेदना ही नवशिक्याची पहिली शिक्षिका असते, आणि गरम खोलीत तिचा आवाज बसलेला असतो.

याच ठिकाणी पुण्यातील माणूस म्हणून मला बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीची आठवण होते. १९३७ मध्ये ते पुण्यात आले आणि २०१४ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत येथेच शिकवत राहिले. ज्याचा हात जमिनीपर्यंत पोहोचत नाही, त्याच्या हाताखाली त्यांनी लाकडी वीट ठेवली. ज्याची बोटे पावलापर्यंत जात नाहीत, त्याच्या पावलाला पट्टा अडकवला. म्हणजे शरीर जमिनीकडे ओढण्याऐवजी जमीन वर आणली, आणि सांध्यांची रचना मात्र अचूक ठेवली. हा वर्ग सोपा असतो असे कोणी समजू नये. विटेवर हात ठेवून त्रिकोणासनात एक मिनिट नीट उभे राहिले, तर पंख्याखालीही कपाळावर घाम येतो. मैसूरच्या पट्टाभि जोइस यांच्या परंपरेतील अष्टांग योगातही माणूस घामाने निथळतो, पण ती ऊब स्वतःच्या हालचालीतून आणि श्वासातून आलेली असते, आणि हालचाल थांबवली की ती थांबते. हीटरची उष्णता आपण थांबलो तरी थांबत नाही. नवशिक्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

घाम म्हणजेच प्रगती, असे मानणाऱ्यांना जुन्या ग्रंथांचा आधार हवा असतो, म्हणून दोन संदर्भ देते. हठप्रदीपिकेत प्राणायामाच्या तीन पायऱ्या सांगताना ‘कनीयसि भवेत्स्वेदः’ असे म्हटले आहे. घाम ही कनिष्ठ पायरीची खूण, कंप ही मध्यम पायरीची आणि स्थिरता ही उत्तम पायरीची. त्याच ग्रंथात पुढे श्रमातून आलेला घाम अंगावरच चोळावा, त्याने शरीराला दृढता आणि हलकेपणा येतो, असेही सांगितले आहे, म्हणजे घामाचा तिरस्कार तेथे मुळीच नाही. पण तो घाम श्रमातून आलेला आहे आणि त्याची जागा सर्वांत खालची आहे. घेरंडसंहिता तर योगारंभासाठी ऋतूच ठरवून देते. हेमंत, शिशिर, ग्रीष्म आणि वर्षा या ऋतूंत आरंभ करू नये, केल्यास तो रोग देणारा ठरतो. वसंतात किंवा शरदात आरंभ करावा, असे तेथे म्हटले आहे. मी स्वतः हा नियम शब्दशः पाळत नाही. जूनमध्ये, योग दिनाच्या उत्साहात येणाऱ्या माणसाला मी शरद ऋतू येईपर्यंत परत पाठवत नाही. पण फार थंडी, फार ऊन आणि फार दमट हवा हे तिन्ही नवशिक्याला मानवत नाहीत, हा त्यामागचा विचार मला पूर्ण पटतो. आणि आपण ग्रीष्मातला पारा आणि वर्षेतला दमटपणा एकाच खोलीत आणून त्यात योगारंभ करायला निघालो आहोत.

आधुनिक संशोधनाकडे पाहिले तरी उष्णतेच्या बाजूने फारसे काही हाती लागत नाही, पण जे आहे ते प्रामाणिकपणे सांगते. अमेरिकेतील टेक्सास राज्यातील संशोधकांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. बैठे जीवन जगणाऱ्या, परंतु निरोगी अशा ४० ते ६० वर्षे वयाच्या लोकांपैकी एका गटाने १२ आठवडे ही २६ आसने ४०.५ अंशांच्या खोलीत केली आणि दुसऱ्या गटाने तीच आसने २३ अंशांत केली. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या कार्यक्षमतेत दोन्ही गटांत सारखीच सुधारणा दिसली. म्हणजे तो लाभ आसनांचा होता, त्यासाठी उष्णतेची गरज पडली नाही. शरीरातील चरबीच्या प्रमाणात मात्र गरम खोलीतील गटात थोडा अधिक फरक आढळला, तोही येथे नोंदवायला हवा. २०२३ मध्ये बोस्टनमधील संशोधकांनी नैराश्याची लक्षणे असलेल्यांना आठ आठवडे हॉट योग दिला, तेव्हा त्यांना चांगला उपयोग झाला. पण तुलना प्रतीक्षायादीतील, म्हणजे काहीच न करणाऱ्या लोकांशी होती, त्यामुळे उपयोग योगाचा झाला की उष्णतेचा, हे त्यातून ठरत नाही. ज्यांना या वर्गांतून बरे वाटले, त्यांचा अनुभव मी खोटा ठरवत नाही. दीड तास मोबाइलशिवाय, ठरलेल्या क्रमाने, आपल्या श्वासासोबत राहणे हेच मुळात खूप काही देणारे आहे. फक्त त्याचे श्रेय हीटरला देण्याची घाई करू नये.

मग नवशिक्याने पहिले काही महिने काय शिकायचे असते? बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की आसने शिकायची असतात. माझ्या वर्गात एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले एक काका येतात. तीस-बत्तीस वर्षे स्टिअरिंगसमोर बसून त्यांची पाठ एखाद्या फळीसारखी झाली होती. पहिल्या दिवशी पश्चिमोत्तानासनात त्यांचे हात गुडघ्यांपर्यंत जेमतेम गेले, आणि पुढे जाण्याच्या धडपडीत त्यांचा श्वास अडकला, मानेच्या शिरा फुगल्या. मी त्यांच्या गुडघ्यांखाली घडी केलेली सतरंजी सरकवली, त्यांना दोन बोटे मागे यायला सांगितले आणि श्वास मोजायला लावला. दोन बोटे मागे आल्यावर श्वास सुटला. ‘बाई, एवढंच करायचं?’ त्यांनी विचारले. दोन महिने त्यांनी एवढेच केले. श्वास अडकला की थोडे मागे यायचे, हे त्यांच्या अंगात मुरले, आणि त्यानंतर पाठ आपोआप मोकळी होत गेली. पतंजलींनी आसनाची व्याख्या ‘स्थिरसुखमासनम्’ अशी केली आहे आणि लगेच पुढच्या सूत्रात प्रयत्न सैल करायला सांगितले आहे. आपला श्वास कोठे अडतो, ताण कोठे संपतो आणि दुखणे कोठे सुरू होते, आज थकवा आहे की कंटाळा, हे ओळखायला बहुतेकांना तीन ते सहा महिने लागतात. गरम खोलीत श्वास उष्णतेनेच भरून येतो, हृदय उष्णतेनेच धडधडते, आणि वेदना उष्णतेनेच झाकली जाते. अशा ठिकाणी ही ओळख करून घेणे म्हणजे लग्नघरच्या गोंगाटात तंबोरा लावायला बसण्यासारखे आहे.

आपल्या राज्याला या बाबतीत कशाची उणीव नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू करून आसनांचा व प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो, याची प्रयोगशाळेतील नोंद छापायला सुरुवात केली. जगात तेव्हा असे काम फार थोड्यांच्या मनात आले होते. मुंबईत योगेंद्रजींनी १९१८ मध्ये सुरू केलेली द योग इन्स्टिट्यूट आज सांताक्रूझला आहे. पुण्यात अय्यंगारांची संस्था आहे, आणि नागपूरला जनार्दनस्वामींचे योगाभ्यासी मंडळ आहे. याखेरीज गावोगावच्या शाळांच्या सभागृहांत, देवळांच्या ओसरीवर आणि सोसायट्यांच्या गच्चीवर अगदी माफक शुल्कात किंवा विनामूल्य चालणारे असंख्य वर्ग आहेत. तेथे आरसे नसतात आणि संगीत नसते, पण शिक्षक सहसा प्रत्येकाचे नाव आणि दुखणे ओळखून असतो.

गर्भवतींनी, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, हॉट योग करू नये, कारण आईच्या शरीराचे तापमान फार वाढले तर बाळाच्या मेंदूच्या आणि मज्जारज्जूच्या घडणीत दोष राहण्याचा धोका असतो. हृदयविकार, रक्तदाबाची औषधे, इन्सुलिन चालू असलेला मधुमेह, पूर्वी उष्माघात झालेला असणे, यांपैकी काहीही असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या खोलीत पाऊल ठेवू नये. मनाचे उपचार घेणाऱ्यांनीही विचारावे, कारण त्यांतील काही औषधांनी घाम येण्याच्या किंवा तापमान सांभाळण्याच्या क्रियेत फरक पडतो.

जे निरोगी आहेत, ज्यांचा सहा-आठ महिने साधा अभ्यास झाला आहे आणि ज्यांना कुतूहल आहे, त्यांनी अवश्य जाऊन पाहावे. मी त्यांना अडवत नाही. उष्णतेची सवय व्हायला शरीराला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून सुरुवातीला अर्धाच तास करावे आणि शक्यतो ३२-३५ अंशांचा वर्ग निवडावा. आदल्या दिवसापासून पाणी व्यवस्थित प्यावे. नंतर नुसते पाणी घटाघटा पिण्यापेक्षा मीठ घातलेले ताक, कोकम सरबत किंवा पन्हे घ्यावे, कारण मीठही गेलेले असते. जेवण आणि वर्ग यांत तीन तासांचे अंतर ठेवावे, पण अगदी उपाशीपोटीही जाऊ नये. पैसे भरण्याआधी खोलीचे तापमान आणि आर्द्रता किती असते, ताजी हवा आत येण्याची सोय काय आहे, शिक्षकांना प्रथमोपचार येतात का आणि मधेच बाहेर गेले तर चालेल का, हे विचारावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आले, किंवा पाणी केव्हा प्यायचे ते शिक्षकच ठरवणार असतील, तर तेथून परत फिरावे.

संपादक महोदय, आपल्या पुरवणीचा शब्द घरोघरी प्रमाण मानला जातो. माझ्या जावेनेही त्या वर्गात नाव घातले ते असाच एक लेख वाचून, हे मला नंतर कळले. म्हणून आपणास विनंती आहे, की यापुढे या विषयावर मजकूर प्रसिद्ध करताना नवशिका आणि अभ्यासू साधक यांच्यासाठी वेगवेगळा सल्ला द्यावा आणि औषधांबाबतची सूचना लेखाच्या शेवटी बारीक अक्षरांत न छापता सुरुवातीलाच ठळकपणे द्यावी. गरम खोलीतील वर्ग चालवणाऱ्यांनाही या पत्राद्वारे विनंती करते, की दारापाशी तापमान आणि आर्द्रता दाखवणारी तबकडी लावावी, नोंदणीच्या अर्जात आजार आणि औषधे यांचा रकाना ठेवावा, आणि ज्याला चक्कर आली त्याला आधी दार उघडून बाहेर जाऊ द्यावे.

आपली विश्वासू,
एक योगशिक्षिका, पुणे